दुसरा ब्रेक

माझ्या पायाखाली एक ब्रेक आहे,
चालवणाऱ्याच्या ब्रेकचा जुळा.
एकोणीस वर्षं हीच नोकरी:
डाव्या सीटवर बसायचं, समोर बघायचं,
आणि दुसऱ्याची चूक आधी आपल्या टाचेला कळायला हवी.

मंदाकिनी वैती, वय अठ्ठावन्न, चेंदणी कोळीवाडा.
सिव्हिलमध्ये आया होत्या. रिटायर झाल्या
आणि फंडातून पहिली आमची फी भरली.
सून म्हणाली, आता या वयात?
त्या म्हणाल्या, पायी चालून झालंय माझं.

लर्निंगच्या परीक्षेत पंधरापैकी पंधरा.
झेब्रा क्रॉसिंगवर पहिला हक्क कोणाचा,
हे त्यांनी मला इतक्या ठसक्यात ऐकवलं
की मी म्हटलं, बाई, उत्तर बरोबर आहे,
पण ते कॉम्प्युटरला द्यायचं असतं.

पोखरण रोड, सकाळचे सव्वासात.
सिग्नल नाही. शाळेपुढचे पट्टे,
मुळात अकरा असावेत, आता धड पाच,
बाकीचे टायरांनी खाल्लेले.
कडेला एक गृहस्थ, काखेत एक्स-रेचा पिवळा लिफाफा,
एक पाय फुटपाथवर, एक रस्त्यात.

मी म्हणालो, चला.
त्या थांबल्या.
लायनीच्या अलीकडे, पुस्तकातल्या चित्रासारख्या,
गाडीचं नाक पट्ट्याला शिवलंसुद्धा नाही.

गंमत म्हणजे तो माणूसही थांबला.
त्याला वाटलं, गाडी बंद पडली.
मग त्यानं हात हलवला: जा, जा.
बाईंनी काचेतून हात केला: या, या.
त्यानं मागे वळून पाहिलं,
हे आमंत्रण दुसऱ्या कोणाला तर नाही ना.

आमच्या पाठीशी टीएमटीची बस.
तिचा हॉर्न असा, की कोणी मानगूट धरावी.
त्यात एक बाईक उजवीकडून सुसाट,
उभ्या गाडीमागून कोण निघेल याची पर्वा नसलेली.
माझी टाच शिवशिवली, पण
माझा ब्रेक फक्त आमच्या चाकांचा.
बाईंनी काच खाली केली,
अख्खा उजवा हात कोपरापर्यंत बाहेर काढला
आणि वरखाली करू लागल्या, सावकाश,
पाळण्यातल्या पोराला थोपटावं तसा.
हात दाखवून अवलक्षण, मी मनात म्हटलं.
बाईक थांबली.
"आजी, घरी बसा ना," तो म्हणाला.
"बसते हां," त्या म्हणाल्या, "यांना जाऊ दे आधी."

तेव्हा कुठे तो माणूस निघाला.
लिफाफा डोक्यावर, कंबरेत वाकून,
त्याच्यासाठीच रंगवलेल्या वाटेवरून
काहीतरी चोरल्यासारखा पळत गेला.
पलीकडे पोचल्यावर त्यानं कपाळाला हात लावला.
नमस्कार होता की घाम, कळलं नाही.

बाईंनी पहिला गिअर टाकला. जरा वेळानं म्हणाल्या,
रात्रपाळी सुटली की मी पण अशीच पळायचे,
चपला हातात घेऊन.
कोणी थांबलं असतं, तर घाबरलेच असते मी.

मी खाली बघितलं.
माझा पाय ब्रेकवर नव्हताच.

संध्याकाळी क्लास बंद करून
वर्तकनगरच्या नाक्यावर उभा राहिलो.
माझी स्वतःची गाडी नाही,
हे विद्यार्थ्यांना सहसा माहीत नसतं.
रोज इथून मीही पळतच जातो,
तळहात गाड्यांकडे रोखून,
जणू ब्रेक तिथे बसवलाय.

आज हात खिशात ठेवले
आणि चालीनं निघालो.
एक पट्टा, दुसरा, तिसरा नाहीच, चौथा अर्धा.
डावीकडून रिक्षा आली, करकचली.
पोटात गोळा आला, पाय मात्र आपल्या चालीत.
रिक्षावाल्यानं आईवरून शिवी हासडली.
हासडली,
पण थांबून हासडली.